तीन तासांचा पेपर आणि तीन वर्षांची पदवी : पदव्युत्तर प्रवेशात स्कोअरला किती मोल द्यावं?



गेल्या आठवड्यात संध्याकाळची बॅच सुटल्यावर एक मुलगा मागे थांबला. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घर इथेच, शुक्रवार पेठेत, माझ्या क्लासपासून दोन गल्ल्या सोडून. वडील यंत्रमागावर होते, आता एका दुकानात हिशेब लिहितात. पोरगा दप्तर आवरायचं सोडून नुसताच उभा. शेवटी म्हणाला, "सर, एक विचारू का ओ? नव्याण्णव पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले नव्याण्णव मार्क ना? मग माझं काय खरं नाही. मला बारावीलाच बासष्ट टक्के होते."

मी त्याला परत बसवलं आणि फळा पुसला. त्या दिवशी अर्धा तास जे बोललो ते थोडं नीट मांडून इथे लिहितो आहे. कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. एम.बी.ए., एम.टेक., एम.डी., पीएच.डी. अशा कुठल्याही पुढच्या दारावर गेलात तरी आज एक सामायिक परीक्षा आडवी येते आणि तिचा आकडा तुमच्या नावाआधी वाचला जातो. त्या आकड्याला किती मान द्यायचा? माझं मत सरळ सांगतो, मग कारणं. आकडा हवा. पण त्याने दार उघडावं, घर वाटून देऊ नये. आणि आकड्याला नावं ठेवणाऱ्यांनी आधी हे सांगावं की त्याच्या जागी ते काय ठेवणार आहेत.

(ज्यांना या विषयावर निबंध लिहायचा आहे त्यांना एक सूचना. "प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात" हे वाक्य दिसलं की मी एक गुण कापतो. बाजू दोन असोत की चार, तुमची कोणती ते लिहा.)

आधी गणित. टक्के म्हणजे तुम्ही पेपराशी केलेली लढत. पर्सेंटाइल म्हणजे तुमच्याबरोबर बसलेल्यांशी केलेली लढत. वर्गात ५० मुलं आहेत, पेपर भयंकर अवघड निघाला आणि तुम्हाला १०० पैकी ४५ गुण पडले, पण ४९ जणांना तुमच्यापेक्षा कमी पडले, तर तुमचे टक्के ४५ आणि पर्सेंटाइल ९८. म्हणजे नव्याण्णव पर्सेंटाइल हा राक्षस नाही. पण आता उलट बाजूने बघा. २०२४ च्या कॅटला सुमारे २ लाख ९३ हजार मुलं बसली. त्यात तुम्हाला ९९ पर्सेंटाइल मिळालं, घरी पेढे वाटले, तरी तुमच्या पुढे सुमारे २९०० जण उभे आहेत. ९९.५ आणि ९९.६ या दोन आकड्यांत दिसायला काहीच फरक नाही, पण मधल्या जागेत जवळपास तीनशे पोरं आहेत. त्या तीनशे जणांत पहिला कोण आणि शेवटचा कोण हे एकदोन प्रश्नांनी ठरलेलं असतं. एखाद्याला त्या दिवशी सर्दी झाली असेल. एखाद्याच्या शेजारचा पंखा करकरत असेल.

हा फरक ज्यांना कळला नाही त्यांनी २०२३ मध्ये भलताच अर्थ काढला होता. त्या वर्षी सप्टेंबरात नीट-पीजीच्या पात्रतेची अट सगळ्या प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली. आपल्याकडे चहाच्या गाड्यावर चर्चा अशी की "शून्य मार्कवाला आता एम.डी. होणार." शून्य पर्सेंटाइल म्हणजे शून्य गुण नव्हे, रांगेतला शेवटचा माणूससुद्धा पात्र. त्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात, त्यामुळे शेवटच्या माणसाचे गुण शून्याच्याही खाली असू शकतात, ही गोष्ट वेगळी. थोडक्यात, एम.बी.बी.एस. होऊन जो कोणी पेपराला बसला तो जागा मागायला मोकळा. का केलं? तर जागा रिकाम्या राहत होत्या, विशेषतः ज्या शाखांत रुग्ण तपासायचे नसतात तिथे. मला विचाराल तर त्या निर्णयाने परीक्षेचं एक गुपित उघडं पडलं. पात्रतेची रेघ ही विद्वत्तेची रेघ नसते, ती बऱ्याच वेळा जागांची मोजणी असते. जागा कमी तर रेघ वर, जागा उरल्या तर रेघ खाली. "कट-ऑफच्या खाली गेलो म्हणजे मी नालायक" असं मानून जी मुलं खोलीचं दार लावून बसतात त्यांनी हे एकदा नीट वाचावं.

इतकं सगळं असूनही मी परीक्षेच्या बाजूने का?

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. मी सोलापूरचाच. आमच्या वेळी इथे स्वतंत्र विद्यापीठ नव्हतं. आमची पदवी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची. पुढच्या शिक्षणासाठी मी एका मोठ्या शहरातल्या संस्थेत मुलाखतीला गेलो. संस्थेचं नाव घेत नाही, त्यात काही अर्थ नाही. रात्रीच्या गाडीने गेलो, स्टेशनवरच तोंड धुतलं, इस्त्रीचा शर्ट पिशवीतून काढून चढवला. आत तिघे बसलेले. पहिला प्रश्न, "कुठले?" सोलापूर म्हटलं. दुसरा प्रश्न, "मग चादर आणली का?" तिघेही हसले. मीही हसलो, न हसून सांगतो कुणाला? पण त्या हसण्यानंतर माझ्या तोंडून एकही वाक्य सरळ निघालं नाही. विषयावरचा प्रश्न आला तेव्हा उत्तर येत होतं, जीभ वळेना. प्रवेश मिळाला नाही. त्या तिघांचा माझ्यावर राग होता असं मी म्हणत नाही. ते चांगली माणसंच असतील. त्यांना वाटलं असेल की पोराला जरा मोकळं करावं. पण माझ्यानंतर आत गेलेल्या मुलाला त्यांनी त्याच्या काकांची खुशाली विचारली, हे मी दाराबाहेरून ऐकलं होतं.

संगणकावरचा पेपर चादर मागत नाही. त्याला तुमचं आडनाव दिसत नाही, तुमचा उच्चार ऐकू येत नाही, तुमच्या चपला दिसत नाहीत. एवढी एक गोष्ट त्याच्या बाजूने मोठी आहे आणि ज्यांना ती कधी लागली नाही त्यांना ती मोठी वाटत नाही.

दुसरं कारण गुणपत्रिकेचं. एका विद्यापीठात ८० टक्के पडणं आणि दुसरीकडे ६० पडणं यात वरचढ कोण, हे कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. एकीकडे पेपर तपासणारे सढळ, दुसरीकडे हात आखडता. आपलं सोलापूर विद्यापीठ २००४ साली सुरू झालं, २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. एकाच जिल्ह्यापुरतं विद्यापीठ. ते चांगलं की वाईट हा इथला मुद्दा नाही. मुद्दा हा की दिल्लीच्या किंवा बंगळुरूच्या टेबलावर आपल्या मुलाची गुणपत्रिका गेली तर तिथल्या माणसाला ती वाचता येत नाही. मग तो काय करतो? ओळखीच्या कॉलेजची गुणपत्रिका वर ठेवतो. सामायिक परीक्षा इथे तराजूचं काम करते. गेटचंच बघा. १०० गुणांचा पेपर, ६५ प्रश्न, ३ तास, देशभर एकच. आणि निकाल नुसत्या गुणांत देत नाहीत, १००० पैकी स्कोअर देतात. पात्रतेच्या रेघेवरच्या मुलाला ३५०, सगळ्यात वरच्या गटाच्या सरासरीला ९००, मधल्यांना त्या प्रमाणात. समजा रेघ ३० गुणांवर आली आणि वरच्या गटाची सरासरी ८० आली. तुम्हाला ५५ पडले, म्हणजे बरोबर मध्यावर, तर तुमचा स्कोअर ६२५. यामुळे एखाद्या वर्षी पेपर अवघड निघाला तरी तुमचं नुकसान होत नाही, आणि तो स्कोअर ३ वर्षं चालतो. आपल्या एखाद्या तालुक्यातल्या अभियांत्रिकी कॉलेजचा मुलगा आणि मोठ्या नावाच्या कॉलेजचा मुलगा एका रांगेत उभे राहतात ते याच कागदामुळे. एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतनही गेटवरच मिळतं. आमच्याकडच्या घरांत या आकड्याचा अर्थ काय होतो ते मी सांगायला नको. तेवढ्यात पोरगं घरावर ओझं न होता दोन वर्षं शिकतं.

आपल्या राज्याची एम.बी.ए.ची सीईटी तर याहून सरळ. २०० प्रश्न, २०० गुण, अडीच तास, चुकलं तरी गुण वजा नाहीत. आणि केंद्रीय प्रवेश फेरीत मुलाखत नाही, गटचर्चा नाही. गुणवत्ता यादी लागते, पर्याय भरायचे, जागा मिळते. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला दहावीत ६१ टक्के होते. त्या वर्षी वडील आजारी होते आणि तो रात्री मागावर उभा राहायचा, सकाळी शाळेत पेंगायचा. मीच त्याला दोनदा बाहेर काढलं होतं, कारण तेव्हा मला ठाऊक नव्हतं. पुढे पोरगं सावरलं. पदवीनंतर त्याने कॅटही दिली आणि सीईटीही दिली. दोन्हीकडे आकडा उत्तम आला. कॅटच्या आकड्यावर त्याला ज्या वरच्या संस्थांची आशा होती तिथून बोलावणं आलं नाही. सीईटीच्या आकड्यावर मुंबईत जागा मिळाली. आता नोकरीला आहे, दिवाळीला येतो, माझ्या हातात फराळाचा डबा देऊन "सर, दोनदा बाहेर काढलं होतं तुम्ही" अशी आठवण न चुकता करून देतो.

कॅटवाल्यांनी का बोलावलं नाही? लेखी कारण कुणी देत नाही, पण नियम जाहीर असतात. अहमदाबादच्या आय.आय.एम.सारख्या संस्था मुलाखतीला बोलावताना फक्त कॅट बघत नाहीत. दहावीचे गुण, बारावीचे गुण, पदवीचे गुण, नोकरीचा अनुभव, मुलगा की मुलगी, अशा सगळ्याला अंक देतात, त्याची बेरीज कॅटच्या आकड्याबरोबर मिसळतात. ऐकायला किती न्याय्य वाटतं! एका दिवसावर सगळं अवलंबून नको, मुलाची सगळी वाटचाल बघा. मुलींना थोडं जास्त वजन देतात त्याला माझी हरकत नाही, वर्गात वीस मुलांमागे दोन मुली असण्यापेक्षा ते बरं. पण दहावी? पंधराव्या वर्षी जो पोरगा रात्री माग चालवत होता त्याची ती "वाटचाल" बाविसाव्या वर्षी पुन्हा तराजूत टाकायची? जो त्या वयात शिकवणीला जाऊन, दूध पिऊन, अभ्यासाच्या खोलीत बसला होता त्याला तिथे एक अंक जास्त, आणि तोच अंक त्याला पुढेही पुन्हा जास्त. "सर्वांगीण मूल्यमापन" हा शब्द मला म्हणूनच ऐकवत नाही. त्यात परिस्थितीचे गुण हुशारीच्या खात्यावर जमा होतात.

आता पीएच.डी.कडे या. इथे मजा आणखी वेगळी आहे, जरा आकडेमोड करावी लागेल, पण सोडू नका.

मार्च २०२४ मध्ये यूजीसीने जाहीर केलं की पीएच.डी. प्रवेशासाठी नेटचे गुण वापरता येतील. ज्यांना जेआरएफ मिळालं त्यांचा प्रवेश मुलाखतीवर. बाकीच्या दोन गटांसाठी परीक्षेला ७० टक्के वजन, मुलाखतीला ३० टक्के. वाचणारा म्हणतो, वा, परीक्षेला दुप्पट मान आहे. खरंच आहे का? दोन उमेदवार घेऊ, आकडे माझ्या मनचे. नेट ३०० गुणांची. एकीला १९० पडले, एकाला १७८. बारा गुणांचा फरक, चांगला घसघशीत. तो ७० च्या मापात आणा. तिचे झाले ४४.३, त्याचे ४१.५. बारा गुणांचा फरक तीनाच्या आत आला. आता मुलाखत. तिला ३० पैकी १८ दिले, त्याला २४. फरक सहाचा. बेरीज करा. तिचे ६२.३, त्याचे ६५.५. जागा त्याला.

म्हणजे कागदावर मुलाखतीचं वजन ३०, तराजूत मात्र तिनेच पारडं फिरवलं. कारण साधं आहे. इथपर्यंत पोचलेले सगळे उमेदवार नेट पार करून आलेले असतात, त्यांचे गुण जवळजवळ असतात. मुलाखतीचे गुण मात्र १० पासून २८ पर्यंत कुठेही जाऊ शकतात. ज्या भागात फरक जास्त पडतो त्याच भागाचं खरं वजन जास्त, मग त्याच्या पुढे कंसात काहीही लिहिलेलं असो. हे सांख्यिकी शिकवणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाला ठाऊक आहे. तरी माहितीपत्रकात ७०:३० छापतात आणि आपण वाचून निर्धास्त होतो.

संशोधनाला मुलाखत नकोच असं मी म्हणणार नाही. चार-पाच वर्षं एका मार्गदर्शकाबरोबर काढायची, तर त्याने विद्यार्थ्याला दोन प्रश्न विचारले पाहिजेत. पर्याय निवडून ज्ञान कळतं, चिकाटी कळत नाही. तुम्ही कुठला प्रश्न उराशी धरून आला आहात हे चार पर्यायांतून दिसत नाही. पण मग मुलाखतीचे गुण का दिले हे दोन ओळींत लिहून ठेवा, सगळ्यांना सारखेच चार मुख्य प्रश्न विचारा, आणि गावाचं नाव ऐकून चादर मागू नका. एवढं होत नसेल तर मुलाखतीचा वाटा ३० नव्हे, १० ठेवा.

आता तराजूलाच खोट असेल तर काय, हा प्रश्न. तो टाळून चालणार नाही.

१८ जून २०२४ ला नेट झाली. नऊ लाखांवर उमेदवार बसले. दुसऱ्याच दिवशी, १९ जूनला, परीक्षा रद्द. माझी एक विद्यार्थिनी, मराठी घेऊन एम.ए. झालेली, त्या परीक्षेला बसली होती. सासरी राहते, मूल लहान, पहाटे चारला उठून अभ्यास केलेला. पेपर चांगला गेला म्हणून मला सकाळी फोन केला होता, रात्री पुन्हा फोन. बोलली काहीच नाही, नुसतं "सर" म्हणून गप्प. पुन्हा परीक्षा झाली २१ ऑगस्टपासून. मधले दोन महिने पुन्हा पहाटे चार. आणि ध्यानात घ्या, पीएच.डी.चा दरवाजा नेटला जोडला तो याच वर्षी. शंभर दारांना एकच कुलूप लावलं आणि किल्ली पहिल्याच फेरीत वाकडी झाली. पूर्वी विद्यापीठांच्या आपापल्या पेट परीक्षा असायच्या, त्यात भानगडी नव्हत्या असं नाही, पण एक बिघडली तर दुसरी असायची.

पाळ्यांचं दुखणंही आहेच. मुलं लाखांत, संगणक हजारांत, म्हणून एकच परीक्षा चार पाळ्यांत घ्यायची आणि मग सोपा पेपर आणि अवघड पेपर एका पट्टीवर आणायचे. आपल्या सीईटीत प्रत्येक पाळीचं पर्सेंटाइल वेगळं काढतात. त्यामागचा तर्क असा की प्रत्येक पाळीत हुशार आणि मठ्ठ सारख्याच प्रमाणात बसले असणार. लाखाच्या गर्दीत हा तर्क बराचसा खरा ठरतो. ज्याचं पर्सेंटाइल घसरलं त्याला मात्र तो खरा वाटत नाही, आणि त्याला तसं वाटण्याचा हक्क आहे. नीट-पीजी २०२४ मध्ये दोन पाळ्यांत झाली. पुढच्या वर्षी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ३० मे २०२५ ला न्यायालयाने सांगितलं की परीक्षा एकाच पाळीत घ्या. मग ती ३ ऑगस्टला झाली. उशीर झाला, पण सगळ्यांनी एकच पेपर सोडवला. माझ्या मते हाच रस्ता बरोबर.

आणि भाषा. या मुद्द्यावर मी जरा तापतो, सांभाळून घ्या. आपल्या सोलापुरात एका वाड्यात चार भाषा नांदतात. घरी तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत मराठी, बाजारात दख्खनी, शाळेत पुस्तकी मराठी आणि मग कुठेतरी पाचवी म्हणून इंग्रजी. अशा मुलाला कॅटला बसवा. पेपराचे तीन भाग, प्रत्येकाला ४० मिनिटं, त्यातला एक पूर्ण भाग इंग्रजी उताऱ्यांचा. एम.बी.ए.ची राज्य सीईटीही इंग्रजीतच. मान्य, पुढे व्यवस्थापनाचं शिक्षण इंग्रजीत आहे, तर इंग्रजी आलं पाहिजे. पण आकडेमोडीचा आणि तर्काचा प्रश्नही इंग्रजीतच का? तिथे तुम्ही तर्क तपासताय की वाचनाचा वेग? विधी शाखेच्या सीईटीचा पेपर मराठीत देता येतो. प्राध्यापकपदाच्या पात्रतेची आपली सेट परीक्षा, जी पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेतं, तिच्या पहिल्या पेपरात इंग्रजीच्या जोडीला मराठी असते. नेटमध्ये इंग्रजी आणि हिंदी. म्हणजे जमत नाही असं नाही, जमवायचं नाही. पेपर आडनाव विचारत नाही असं मी वर म्हटलं. खरं आहे. पण आईबापाची शाळा कुठली, हे तो भाषेतून हळूच विचारतो.

क्लासचंही तसंच. मी स्वतः क्लास चालवतो, तेव्हा क्लासला शिव्या देणं मला शोभणार नाही. पण पुण्याला जाऊन, खोली घेऊन, वर्षभर मेसचे डबे खाऊन तयारी करणारा आणि इथे दिवसा दुकानात बसून रात्री मोबाइलवर प्रश्न सोडवणारा, हे दोघे निकालाच्या दिवशी एकाच यादीत दिसतात, म्हणून दोघांची धाव सारखी होती असं होत नाही. तरीसुद्धा दोघांत निवड करायला परीक्षेऐवजी दुसरं काय आणणार? शिफारसपत्रं? ती कुणाला मिळतात ते मला माहीत आहे. इंटर्नशिप? तीन महिने बिनपगारी राबायला घरात दुसरं कमावणारं माणूस लागतं. परदेशात काय चाललंय बघा. गेल्या काही वर्षांत अमेरिकेतल्या बऱ्याच विभागांनी जीआरईची सक्ती काढून टाकली. आपल्या मुलांना आनंद झाला, वीस-बावीस हजार रुपये वाचले. पण आता तिथे बघतात ते कॉलेजचं नाव, प्रकल्प, प्राध्यापकांची पत्रं. ज्याच्या कॉलेजात प्रयोगशाळेला कुलूप असतं त्याने प्रकल्प कुठून आणायचा? पदवीच्या पातळीवर एमआयटीने २०२० मध्ये एसएटी परीक्षेची अट काढली आणि मार्च २०२२ मध्ये परत आणली. त्यांचं म्हणणं असं की साधनं नसलेल्या शाळांमधली हुशार मुलं ओळखायला ही परीक्षा उपयोगी पडते, ती नसली तर अशी मुलं दिसतच नाहीत. एमआयटी कुठे आणि शुक्रवार पेठ कुठे, पण दुखणं तेच.

तेव्हा एम.बी.ए., एम.टेक.सारख्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांना परीक्षेच्या आकड्यावर यादी लावली तर माझी तक्रार नाही, फक्त ९९.५ आणि ९९.६ मध्ये स्वर्ग-पाताळाचा फरक मानू नका. त्या पट्ट्यातल्या मुलांना सारखं धरा आणि हवं तर पदवीचे गुण बघा. दहावी सोडून द्या. संशोधनाला परीक्षा ही उंबरठा ठेवा. तो ओलांडला की मग माणूस बघा, पण डोळे उघडे ठेवून आणि कागदावर लिहून.

हे सगळं धोरण ठरवणाऱ्यांसाठी. तुमच्यासाठी वेगळं. तुमच्या हातात धोरण नाही, पेपर आहे. सीईटीत गुण वजा होत नाहीत तर एकही प्रश्न कोरा ठेवू नका. दरवर्षी दहा तरी मुलं ठेवतात आणि मला निकालानंतर सांगतात. कॅटमध्ये चुकीला गुण जातात, तिथे अंदाजपंचे चालणार नाही. पदवीचे गुण हलके घेऊ नका, कारण गेट कितीही चांगली गेली तरी बऱ्याच ठिकाणी पदवीला ६० टक्के लागतात आणि त्या रेघेच्या खाली असाल तर तुमचा अर्ज कुणी उघडतही नाही. मागच्या वर्षी एका मुलाचं ५९.४ वर अडकलं. आणि रोज एक इंग्रजी उतारा वाचा, मोठ्याने. लाज वाटली तर दार लावून वाचा.

त्या बी.कॉम.वाल्याला मी हेच सांगितलं. त्याने वहीत फक्त एकच गोष्ट लिहून घेतली, सीईटीत गुण वजा नाहीत. मग विचारलं, "दहावीचं कुठे कुठे बघतात ओ सर?" मी सांगितलं. त्याने ती नावं लिहिली नाहीत. रविवारी सकाळी साडेसातला, मी अजून चहाही घेतला नव्हता, तो जिन्यात उभा. हातात कुणाकडून तरी आणलेली, पानं सुटलेली जुनी प्रश्नपत्रिका आणि मोबाइल.

"सर, दोनशे प्रश्न आहेत. घड्याळ लावू का ओ?"